लाल खळग्याचा खिळा

प्रकाशे
ता. ११ जानेवारी २०२५

हेमकांत, तुझा खेळ पाहिला आणि मला शिसारी आली. ताटावरून उठले. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं, हे शिकलास का पुण्यात?

आता रीतीचं. चि. हेमकांत व सौ. रुचिका यांस आजीमायचा आशीर्वाद. इकडे पपईवर रोग पडला, मन्हा गुडघ्यांवर पण पडला. दोन्ही उभं शे.

दिवाळीत चार दिवस गोठ्यात बसून तू आजाचं ते यात्रेतलं, दांडी ओढून गोळी उडवायचं मशीन उघडलंस. खिळान्‌खिळा मोजलास, घंटा वाजवून तिचा आवाज फोनात भरलास. म्हटलं करू दे, पोऱ्या दारू तर पीत नाही. आता त्याचा कंप्युटरचा खेळ झाला, तो शेजारच्या काजलने मोबाइलवर दाखवला. दांडी तीच, घंटा तीच, खालच्या दोन फळ्या तशाच फडफडतात. वर तुझ्या आजाचा हार घातलेला फोटो, आणि खाली लिहिलंस, कै. हिलालबाबांचे सचोटीचे यंत्र.

काजल दुपारभर खेळली. अंगठा सुजला पोरीचा. वरच्या लाल खळग्यात एकदाही गोळी गेली नाही. तिने विचारलं, आजी, बाबांच्या मशीनवर कोणीच जिंकत नव्हतं का?

त्या खळग्याच्या उजवीकडचा खिळा सरळ कर. का ते विचारू नको. माया आहे ती आहेच, दर पत्रात लिहून वाढत नाही.

आजीमाय


पुणे
दि. २१ जानेवारी २०२५

ती. आजीमायस,
हेमकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रुचिकाने मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीलाच मी उठून गॅलरीत गेलो. ती म्हणते, अशी आजी मलाही हवी होती. म्हटलं, घेऊन जा.

आजीमाय, बाकी काहीही सांग, पण खिळा सरळ करता येणार नाही. या कामाचा धर्मच असा की जुन्या मशीनमध्ये जे होतं ते तसंच उतरवायचं. गंज, ओरखडे, सैल स्प्रिंग, सगळं. तो खिळा दीड मिलिमीटर आत झुकलेला होता. गोळ्यांच्या माराने झुकला असावा. मी तो तसाच ठेवला आणि मला त्याचा अभिमान आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी इथे जुन्या खेळांचं प्रदर्शन भरतंय. आपलं मशीन मोठ्या पडद्यावर असणार. पप्पा त्या दिवशी बोलणार आहेत, आजोबा यात्रेत हसत हसत बक्षिसं कशी वाटत त्याबद्दल. हेडमास्तर होते तेव्हाही इतकी तयारी केली नसेल, आठ दिवस भाषण लिहितायत. खेळताना डोळे पुसतात.

लाल खळगा अशक्य आहे अशी तक्रार बरेच जण करतात. मी त्यांना सांगतो, आजोबांचं मशीन खोटं नव्हतं, तुमचा हात तयार करा. तुझा राग कशाचा आहे ते मात्र कळू दे. गुडघ्यांना तेल लाव, आणि आमच्यावर चिडून झालं की पूर्वीसारखी हो.

तुझा
हेमकांत


प्रकाशे
ता. ३० जानेवारी २०२५

हात तयार करा म्हणे! ही ओळ वाचली आणि तुझं पत्र चुलीत घालणार होते.

चि. हेमकांत यास आशीर्वाद. विचारू नको सांगितलं तरी विचारलंस, तर ऐक. तो खिळा गोळ्यांच्या माराने झुकला नाही. मी वाकवला. पकडीने. तुझा आजा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी.

तो होता तोवर खिळा सरळ होता. लाल खळग्यावर गजराचं घड्याळ ठेवलेलं असायचं, ते सारंगखेड्याच्या यात्रेत दोन दिवसांत कोणीतरी जिंकून न्यायचं, आणि हा बावळट माणूस त्याला चहा पाजून पाठवायचा. तुझा बाप नवनीत सांगतो ते खरं शे. पण ते त्याच्या मशीनचं. तू मोजलंस ते मन्हं.

पोटासाठी केलं असं मी म्हणणार नाही. पोट भरत होतं. मला पोऱ्या मास्तर करायचा होता. एकच घड्याळ मी नऊ वर्षं फिरवलं, सारंगखेडा, खापर, धडगावचा होळीचा बाजार. दर वर्षी पुसून पुन्हा मांडायचं.

धडगावला रायसिंग नावाचा डोंगरातला माणूस दर होळीला यायचा, फक्त त्या घड्याळासाठी. पाचव्या वर्षी जाताना मला म्हणाला, बाई, तुमचं मशीन चांगलं आहे, मन्हाच हात वाकडा. मी हो म्हटलं. वर मान हलवली. पुढच्या होळीला तो आला नाही. मी मात्र गेले, घड्याळ घेऊन. त्या हो म्हणण्याची मला अजून किळस येते. आणि तू तेच आता पुण्याच्या लोकांना सांगत राह्यलास, वर तुझ्या आजाचा फोटो लावून.

तुझ्या कामाचा धर्म मला समजला. मग नीट पाळ. खिळा वाकडा ठेवायचा तर आजाचा फोटो उतरव, मन्हा लाव. हार नको, मी जिती शे. खाली लिही, धनुबाईचं मशीन, लाल खळगा बंद. खिळा सरळ करणार असशील तर त्याचं नाव राहू दे. वाकडा खिळा आणि त्याचं नाव एका पडद्यावर मला नको.

आता हे पत्र तुझ्या बापाला दे. त्याची मास्तरकी त्या खिळ्यावर झाली, हे त्याला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. मी पण नाही. भाषणात बाप सांगायचा का आई, ते त्याला ठरवू दे.

राग आला तर येऊ द्या, पण सणाला घरी या.

धनुबाई

उत्तर तू लिहायचं नाहीस, रुचिकानेही नाही. नवनीतने लिहायचं, स्वतःच्या हाताने. फोन केला तर मी उचलणार नाही.