न आढळलेला सहावा मजला रिकामा करण्यास नकार

प्रति,
मा. इमारत परवानगी अधिकारी,
गृहबांधणी नियंत्रण कार्यालय,
खिडकी क्रमांक चार.

विषय : सहाव्या मजल्यावरील घर सात दिवसांत रिकामे करण्याच्या नोटिशीस ठाम हरकत.

संदर्भ : (१) आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल. (२) आपल्या कार्यालयाचे माहितीपत्रक, ‘घरातील गुंतवणूक : ताण आणि जोखीम कशी हाताळावी’. (३) आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक असून, म्हातारपणी भाडे मिळत राहील या भरवशावर त्याने व त्याच्या पत्नीने आयुष्यभराची शिल्लक या एका घरात घातली. बिल्डरने लिफ्ट अर्धवट सोडून पोबारा केला. लिफ्ट चालत नाही म्हणून आपण भोगवटा प्रमाणपत्र अडवले, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून एकही भाडेकरू फिरकला नाही. दरम्यान अर्जदार स्वतः ज्या भाड्याच्या खोलीत राहत होता, ती मालकाने परत मागितली. तेव्हा उभयता सामान पाठीवर घेऊन एकशे चौदा पायऱ्या चढले आणि स्वतःच्या घरात राहू लागले. त्यांना दुसरा आसरा नाही.

२. आपले निरीक्षक पाहणीस आले, ते चौथ्या मजल्यापर्यंत चढले आणि पायरीवर बसले. अर्जदाराच्या पत्नीने वरून पाणी आणून दिले व ती म्हणाली, “साहेब, आता दोनच मजले राहिलेत.” त्यावर, “वर काय वेगळं असणार? सगळे मजले सारखेच,” असे म्हणून साहेब पाणी पिऊन उतरले. अहवालात मात्र त्यांनी लिहिले की ‘सहावा मजला आढळून आला नाही’. त्यांनी प्यायलेले पाणी सहाव्या मजल्यावरच्या नळाचे होते, याची नोंद घ्यावी.

३. लिफ्ट दुरुस्त करू द्यावी, यासाठी अर्जदाराने तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तरादाखल उपरोक्त माहितीपत्रक आले. अर्जदाराने ते मनापासून पाळले, त्याचा अनुपालन अहवाल असा : रोज चालण्याचा व्यायाम करावा, असे त्यात आहे. तो पायऱ्यांनी करून घेतला. मनातली चिंता घरच्यांशी बोलावी, असेही आहे. अर्जदार पत्नीशी बोलला, तेव्हापासून दोघांनाही झोप येत नाही. सगळी शिल्लक एकाच घरात घालू नये हा सल्ला उत्तम आहे, फक्त तो घर घेतल्यावर तीन वर्षांनी हाती पडला. गुंतवणुकीकडे भावनेने पाहू नये, असे शेवटी म्हटले आहे. पत्नीने स्वतः शिवलेले पडदे या घराच्या खिडक्यांना लावले आहेत. त्यांच्याकडे कसे पाहावे, याचे मार्गदर्शन पत्रकात नाही.

४. राहता राहिली जोखीम. अर्जदार बत्तीस वर्षे लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत आला आहे. खाली अंधारी पोकळी आणि वर लोखंडी दोर, अशा ठिकाणी दोराचा एकेक पीळ तपासल्याशिवाय त्याने कुणाला आत पाऊल टाकू दिले नाही. त्याला जोखीम शिकवणाऱ्याने निदान सहा मजले चढून दाखवायला हवे होते. चौथ्या अर्जाचे उत्तर माहीत असल्याने अर्जदाराने तो केलाच नाही. दोन जुने सहकारी बोलावून एकोणीस दिवसांत लिफ्ट सुरू केली, वाळूची पोती भरून ब्रेक तपासले, आणि आपली चाचणी होईपर्यंत या तिघांखेरीज कुणालाही तिच्यात बसू दिलेले नाही. हे विनापरवाना झाले, हे अर्जदार लेखी कबूल करतो. त्याचा त्याला जराही पश्चात्ताप नाही.

५. लिफ्ट सुरू झाल्याचे कळवताच, पाहणीला येण्याऐवजी आपण नोटीस धाडली : ‘सहाव्या मजल्यावरील अनधिकृत वास्तव्य सात दिवसांत बंद करावे.’ महोदय, निरीक्षकांच्या अहवालावर मंजुरीची सही आपली व या नोटिशीवरही आपलीच सही आहे. जो मजला नाही, तो रिकामा कसा करायचा? आणि तो आहे असे म्हणत असाल, तर त्याची पाहणी करायला कोण येणार?

६. सबब, अर्जदार घर सोडणार नाही. पत्नीनेही तसेच कळवण्यास सांगितले असून तिचे शब्द अर्जात लिहिण्यासारखे नाहीत. घर खाली करवण्यासाठी आपला माणूस अवश्य यावा. त्याला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. आधी लिफ्टची रीतसर चाचणी घ्यावी, तीत सर्वप्रथम अर्जदार बसेल. वर दार उघडेच असेल. बाहेर काढण्याआधी त्याने एका कागदावर सही करावी, एवढीच अट आहे.

आपला नम्र, तरीही जागचा न हलणारा,

(सही)
अर्जदार
सहावा मजला, उजवीकडचे दार

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा पाचवा दिवस

सोबत :
१. पाहणी अहवाल व नोटीस, एकाच टाचणीने जोडून.
२. माहितीपत्रक, वापरून झाल्याने परत.
३. पोचपावतीचा नमुना : ‘मी आज सहाव्या मजल्यावर आलो होतो.’ सहीची जागा कोरी ठेवली आहे.