गिऱ्हाईकराजा आणि सोनबामामांचा हर्निया

३ नोव्हेंबर
आमच्या पासली गावची आरोग्यव्यवस्था सुधारायची. पक्कं. मोबाईलवर अमेरिकेतला एक माणूस बोलत होता. कळलं निम्मं, पटलं सगळं. पेशंट हा गिऱ्हाईक आहे. त्यानं स्वतःच्या खिशातून द्यावं, चार दवाखाने फिरून दर विचारावेत, मग डॉक्टर आपोआप सरळ होतात. विमा म्हणजे आपलं दावं दुसऱ्याच्या हातात. भोरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्राच्या सरांना हेच सांगत होतो. ते म्हणाले, खाली बस. मी कॉलेजच सोडलं. नुकसान त्यांचं.

४ नोव्हेंबर
वेल्ह्याला सेवा केंद्रात गेलो. तिथं सारिका लोकांना आयुष्मान कार्डं काढून देते. तिला माझी योजना समजावली. ती म्हणाली, अंगठा मशीनवर ठेव. म्हटलं, मी विम्याच्या विरोधात आहे. म्हणाली, मग बाजूला हो, फुलाबाई कवाधरनं उभी हाय.
आवाजात ओलावा होता.

६ नोव्हेंबर
संधी! सारिकाच्या वडलांना, म्हणजे वरच्या वस्तीवरच्या सोनबामामांना, हर्निया निघाला. (मामा म्हणतो ते गावकीनं. मनात नातं वेगळं धरलंय.) सारिकानं त्यांचं कार्ड कधीच काढलंय. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात सोमवारची तारीखपण घेतलीय. मी मामांना गाठून म्हटलं, बाजारात पहिल्याच शेळीवर हात ठेवता का? आधी भोरला दर काढू.
मामा जन्मभर शेळ्यांचा व्यवहार केलेला माणूस. व्हय की, म्हणाले.
बाप पटला. आता मुलगी.

१० नोव्हेंबर, सोमवार
मामा घरी सांगून निघाले पुण्याला. दोघं उतरलो भोरला.
पहिला दवाखाना. दर मी विचारणार होतो, पण मामांनी थेट बाजारची रीत काढली. खांद्यावरचा टॉवेल डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरून भाव सांगायला लागले. डॉक्टरांना वाटलं, पेशंट नाडी दाखवतोय. त्यांनी टॉवेलाखालीच नाडी बघितली. म्हणाले, चांगली आहे.
मामा बाहेर येऊन म्हणाले, ह्याला बोटंच कळंनात, ह्याच्याकडनं पोट फाडून घ्यायचं व्हय?
दुसरा दवाखाना. आकडा ऐकल्याबरोबर मामा उठले. खरेदीत उठून निघायचं असतं, मागनं हाक येते. दाराशी बराच वेळ चप्पल शोधत राहिले. पायातच होती. हाक आली. पुढच्या पेशंटला.
चहा प्यायलो. मामा खूश. म्हणाले, लई दिसांनी बाजार झाल्यागत वाटलं बघ.

११ नोव्हेंबर
पुण्याची तारीख हुकल्याचं सारिकाला कळलं. तिचा स्वतःहून फोन. पहिल्यांदाच! न थांबता बोलली. माझ्या बापाला काय बोकड समजलास का, असाही एक मुद्दा होता. मी ऐकून घेतलं. एवढं मोकळेपणानं ती दुसऱ्या कुणाशी बोलत नसणार.

१४ नोव्हेंबर, दुपार
मामांची गाठ सकाळी आत जाईना. मग ओकाऱ्या. मी म्हटलं, नसरापूरचे दर अजून यायचेत. आई म्हणाली, तुझे दर घाल चुलीत, हात लाव.
घोंगडीची झोळी करून चौघांनी त्यांना रस्त्यापर्यंत उतरवलं. सारिकानं वेल्ह्यावरनं फोन करून गाडी आधीच बोलावली होती, स्वतः त्याच गाडीतून आली. ड्रायव्हरनं विचारलं, न्यायचं कुठं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एक नाव आठवेना. सारिकानं सांगितलं.
गाडीत मामांनी माझा हात धरला होता. बोटं भाव सांगत नव्हती. नुसती घट्ट धरली होती.
पुढचं लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. कार्डावर. आतड्याला फास बसला होता, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. कुणी दर विचारला नाही. मीही नाही.
संध्याकाळी जरा धीर आल्यावर सारिकाला म्हटलं, तरी व्यवस्था सुधारली पाहिजेच. ती म्हणाली, तू आधी गप बसायची सुधारणा कर.
म्हणजे सुधारणेला तिचा तत्त्वतः विरोध नाही.

२२ नोव्हेंबर
मामा घरी आले. मला निरोप, येऊन जा. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेनं चार वाक्यं पाठ केली, त्यात "जबाबदारी" हा शब्द दोनदा.
मामा खाटेवर. सारिका दाराशी. मामा म्हणाले, सूरज, म्या एक ठरवलंय. मी शर्टाची कॉलर ताठ केली. म्हणाले, डॉक्टर तीन महिनं डोंगर चढू देत न्हाईत. तू मोकळाच हायस. शेळ्या नेशील का रानात?
सारिका म्हणाली, तेवढं तरी जमंल का बघा त्याला.
हो म्हटलं. कुणी कुणाच्याही हाती शेळ्या देत नाही.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दिवसभर रान. रेंज नाही. शेळ्या दिसेल त्या झुडपाचा पाला चाखतात, पुढं जातात, मला विचारत नाहीत. दुपारी करवंदीच्या जाळीत शर्ट फाटला. (इस्त्रीचाच.)
दिवस मावळता खाली आलो तर शेळ्यांच्या वाडग्याच्या दाराशी सारिका उभी. माझीच वाट बघत. केस सारखे केले. एकेक शेळी आत जात होती, तिचे ओठ हलत होते. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवलं. शेवटची शेळी गेली. मग तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.
म्हणाली, एक कमी हाय.