नव्या राजधानीतले ओले कपडे

ती. सुवार्सी आक्का,

धाकट्या मुर्नीचा लवून सलाम. तुझे गुडघे, तुझं शिवणयंत्र आणि भावोजींच्या मागे राहिलेला तो पिंजऱ्यातला होला, तिघंही कुरकुरत का होईना पण चालू असतील अशी आशा आहे. इकडे बालिकपापनला आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला जुनाच आहे, आता तो घरचाच माणूस वाटतो. गेल्या ईदेला तू घरातल्या सगळ्या बायकांना एकाच ताग्यातून शिवून पाठवलेला झगा मी जपून ठेवला आहे. (हळदीच्या रंगावर जांभळे मोर. ज्या दुकानाने हे कापड विकायला ठेवलं ते बुडालं याचं मला नवल वाटत नाही. बुडत्या दुकानातून तू अख्खा तागा वाचवलास, याचं वाटतं. पण ईदेला सारं घर एका कापडात दिसायला हवं ही आपली रीत, आणि तू असेपर्यंत ती मोडायची कोणाची छाती नाही.)

तुझं पत्र मिळालं. विदुरीच्या पाणीखात्याने तिला नव्या राजधानीत बदलीवर जाणार का असं विचारलं आहे, उत्तर ईदेच्या आत द्यायचं आहे, आणि एकुलती एक पोर समुद्रापलीकडच्या जंगलात गेलेली तुला खपणार नाही, हे सगळं समजलं. त्यातून तुझा हुकूम असा की मुर्ने, तू तिथून हाकेच्या अंतरावर राहतेस, एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये आणि असं पत्र लिही की विदुरीपुढे टाकलं की तिची बोलती बंद झाली पाहिजे. फोनवरचे फोटो नकोत, ते कोणीही बनवतं, शाईचा कागद हवा. पटलं. संशय हा आपल्या घरात वडिलांनी मागे ठेवलेला एकमेव दागिना, आणि तो आपण दोघींनी वाटून घेतला आहे. तू त्यात लिहिलं आहेस की विदुरी जकार्ताहून रोज संध्याकाळी फोन करते, पण हल्ली नेटवर्क वाईट म्हणून चेहरा दिसत नाही. असेल बाई. राजधानीच जकार्तातून गाशा गुंडाळून आमच्या बाजूच्या जंगलात निघाली म्हटल्यावर नेटवर्क तरी कोणासाठी थांबणार?

तर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीने एका दिवसाची सहल ठरवली. सध्या इथे ज्याच्याकडे बस आहे आणि ज्याच्या पुतण्याला माईकवर बोलता येतं तो प्रत्येक माणूस राजधानीच्या सहली काढतो. सकाळी नेणार, दुपारी पिवळा भात देणार, संध्याकाळी आणून सोडणार. इतक्या स्वस्तात की मला पहिली शंका तिथेच आली. भिशीच्या म्होरक्या बु नूरसीदा, म्हणजे नूरसीदाबाई (तांदळाच्या वखारीवाल्यांची बायको, बोलतात तेव्हाही पोतं टाकल्यासारखा आवाज होतो) यांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी एकाच रंगात यायचं. आता आपल्या देशात चार बायका नारळ आणायला निघाल्या तरी एकाच रंगात निघतात, त्यामुळे हरकत कोणी घेतली नाही. रंग निघाला पोपटी. कापड अंगावर चढवून आरशासमोर उभी राहिले तर हे म्हणाले, कोणाचं जेवण पोचवायला निघालीस? तेव्हा कळलं की मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांची जाकिटं अगदी हुबेहूब याच रंगाची असतात. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आमचा वाटाड्या रेंद्रा नावाचा तरणा मुलगा होता. दात छान, बोलणं मधाचं, आणि असा माणूस मला कधीच आवडलेला नाही. बस सुटल्यापासून तो जे सांगत होता ते सगळं पुढे होणारं होतं. इथे ग्रंथालय होईल, इथे तळं होईल, इथून आपोआप चालणारी गाडी धावेल. आम्ही बायका लाल मातीच्या ढिगाऱ्यांकडे बघून वाहवा करत होतो. ‘आहे’ असं तो फक्त एकदा म्हणाला, स्वच्छतागृहाबद्दल, आणि त्याला कुलूप होतं. नंतर एका भल्यारुंद चौकात आमची बस लाल दिव्याला थांबली. चारी दिशांना चिटपाखरू नाही. एक क्रेन तेवढी लांब मान करून आमच्याकडे बघत होती. ड्रायव्हर मात्र असा गंभीर बसला होता की जणू समोरून साक्षात जकार्ता येत आहे. जो ड्रायव्हर बालिकपापनच्या बाजारात म्हातारीच्या टोपलीवरून गाडी नेतो तो इथे रिकाम्या चौकात कायदा पाळतो, याचा अर्थ कोणीतरी बघत असणार. बु नूरसीदांनी ताबडतोब ओठांची लाली नीट केली.

डासांबद्दल लिहायला हवं. इथले डास जंगलातून बेघर झालेले आहेत आणि त्याचा राग त्यांनी नोकरदारांवर काढायचं ठरवलेलं दिसतं. संध्याकाळी खिडकी उघडी राहिली तर माणूस सकाळी स्वतःला ओळखत नाही. धूळ इतकी की पांढरा रुमाल खिशातल्या खिशात विटकरी होतो, आणि पाऊस पडला की त्याच धुळीचा असा चिखल होतो की एका पायातली चप्पल ठेवून घेऊन तो दुसऱ्या पायातली मागतो. रात्री किडे आणि बेडूक मिळून असा कलकलाट करतात की फोनवर बोलताना शेजारी टीव्ही लावला आहे अशी थाप मारावी लागते. हा परिच्छेद विदुरीला दोनदा वाचून दाखव.

मग भेटवस्तूंचा घोळ झाला. गावाला जाऊन रिकाम्या हाताने परत यायचं म्हणजे शेजारपाजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? पण नव्या राजधानीत विकत घ्यायला काही नाही. योग्याकर्त्यात तुझ्या दारासमोर मुगाच्या सारणाच्या बकपियांचे डोंगर लागलेले असतात. इथे राष्ट्राचं सगळं वैभव आणि एक साधा डबाबंद खाऊ नाही. एका बाईने चटईसारखी गुंडाळून आणलेली नवीकोरी हिरवळ माळी जमिनीवर अंथरत असताना तिचा कोपरा फाडून पिशवीत घातला. रेंद्राचे दात पहिल्यांदा दिसेनासे झाले. त्याने शपथेवर सांगितलं की इथल्या नळाचं पाणी न उकळता पिता येतं. नळाचं पाणी, न उकळता! हे ऐकून सगळ्याजणींनी बाटल्या भरून घेतल्या, घरी दाखवायला. प्यायलं मात्र कोणीच नाही. मीही एक बाटली आणली, ह्यांच्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. जेवणाच्या आधी आम्हाला सरकारी नोकरांच्या राहण्याचे मनोरे दाखवले. उंचच उंच, एकसारखे, आणि सज्जे सगळे रिकामे. फक्त मधल्या एका मजल्यावर एका सज्ज्यात कपडे वाळत घातलेले, त्यांत एक भलंमोठं भडक वस्त्र. रेंद्राने असा हात केला की जणू त्यानेच धुतलेत. बघा, म्हणाला, लोक राहायला आलेत. त्यावर बु नूरसीदा कुजबुजल्या (म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं) की त्यांची नणंद दोन महिन्यांपूर्वी आली होती, तिलाही हेच कपडे याच दोरीवर दाखवले होते. झालं. बसभर एकच चर्चा. दुकानात बाहुलीला झगा घालून उभी करतात तसे हे कपडे टांगलेत, आत माणूसच नाही, असं ठरलं. कोणी म्हणालं, रंगवलेले असतील. मी म्हटलं, एवढं कशाला, कपडे ओले आहेत की सुके एवढं पाहिलं की निकाल लागेल. खरे असतील तर कधीतरी ओले असतील. म्हटल्यावर सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या, आणि तुला माहीत आहे, बोलून बसलेल्या शब्दापायी मी याआधीही बरंच काही केलेलं आहे, लग्न धरून.

सगळ्याजणी पिवळ्या भाताचे डबे घेऊन सावलीला बसल्या तशी मी माझा डबा उचलून सटकले. मनोऱ्याच्या दारात पहारेकरी. आता काय थाप मारावी याचा विचार करेपर्यंत त्याने माझ्या पोपटी झग्याकडे बघितलं, हातातल्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं, कितवा मजला? मी मजला सांगितला. तो म्हणाला, या वयात हे काम करता, शाबास आहे तुमची. (घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की खोकला विसरले.)

वर गेले, दार वाजवलं. दार उघडणाऱ्या मुलीने मला पाहून अशी किंकाळी गिळली की तिलाच ठसका लागला. तिचं नाव लिहू नका म्हणून तिने गळ घातली, म्हणून लिहीत नाही. आत गेले ती थेट सज्ज्यात आणि ते भडक वस्त्र पिळून पाहिलं. ओलं होतं. चांगलं ठिबकत होतं. तेवढ्यात मुलीने नूडल्सवर अंडं फोडून माझ्यापुढे ठेवलं, माझा पिवळा भात स्वतःच्या पुढ्यात ओढला आणि घरचं जेवण महिनोन्‌महिने न पाहिलेल्या माणसासारखी खाऊ लागली. खाताखाता सगळं बाहेर आलं. बदली तिनेच मागून घेतली होती. काम आवडतं, साहेब बरा आहे, सकाळी खिडकीतून धनेश पक्ष्यांची झाडं दिसतात म्हणाली (झाडं म्हणजे उरलेली). फक्त एक गोष्ट राहिली आहे. आईला सांगितलेलंच नाही. आईला वाटतं ती अजून जुन्याच गावी आहे आणि बदलीचा नुसता विचार चालू आहे.

मी खवळले, आक्का. म्हटलं, अगं, जन्मदात्या आईशी अशी थाप? सांगून टाकायचं, रडेल दोन दिवस आणि गप्प होईल. त्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

“रडली असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, मावशी. ती रडत नाही. ती ‘बरं’ म्हणते आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते.”

मुलगी लबाड, यात वाद नाही. पण मला सांग, ही आई तरी कसली, की एवढी शिकलीसवरलेली कमावती पोर तिच्यासमोर एक वाक्य बोलायला भिते? तुझ्यासारखी मोठी समंजस बाई तिच्या ओळखीची असती तर दोन गोष्टी सुनावून तिचा हट्ट मोडला असता. तू सुनावलंच असतंस, मला खात्री आहे.

खाली आले तेव्हा बस भोंगे वाजवत होती. बायकांनी घेरलं. मी निकाल दिला, ओले आहेत. कोणाचा विश्वास बसला नाही. बु नूरसीदा म्हणाल्या, तुला येताना बघून कोणीतरी पाणी मारलं असेल. माझ्यावरच संशय! संगतीचा गुण लागतो म्हणतात ते खोटं नाही.

तर आक्का, तात्पर्य तुला हवं होतं तेच. गाव अर्धवट, धूळ, चिखल, डास, रिकाम्या चौकात लाल दिवे. विदुरीला मुळीच पाठवू नकोस. होल्याला माझा आशीर्वाद आणि तुला पुन्हा एकदा सलाम.

तुझी,
मुर्नी

ता. क. ते नळाचं पाणी ह्यांनी न विचारता पिऊन टाकलं. आज आठवडा झाला. काही झालेलं नाही. सुधारणाही नाही.

ता. क. डासांचा परिच्छेद माझा नाही, मला सांगून लिहून घेतलेला आहे. एका दिवसाच्या सहलीत संध्याकाळचे डास आणि रात्रीचे बेडूक मला कुठून भेटणार? ज्या मुलीने तो सांगितला ती म्हणाली, आईला वाईट गोष्टी सगळ्या कळू देत, म्हणजे मग उरलेल्यावर विश्वास बसेल. ते नळाचं पाणीही तीच रोज तपासते.

ता. क. घासलेल्या भांड्यांपाशी तू थबकली असशीलच. पत्र बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाऊ नकोस. बस खाली. भांडी स्वच्छ आहेत.

कपडे ओले की सुके हे बघायला मी वर गेलेच नव्हते. हळदीच्या रंगावरचे जांभळे मोर मी बसमधूनच ओळखले. दुनियेत दुसरं कोणतं घर ते कापड अंगाला लावणार आहे? मी तिला विचारलं, हे रोज का गं धुतेस, फाटेल. तिने दोरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावला. मग म्हणाली की देशभरातून बसेस येतात, सगळे वर बघतात, कधीतरी कोणीतरी आपलं येईल आणि ओळखेल, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. मी तिला शब्द दिला होता की तुला कळवणार नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला ठाऊक आहे, त्या भरवशावरच तिने तो घेतला असावा.

म्हणजे बायकांचा संशय खरा निघाला. ते कपडे दाखवायलाच टांगले होते. फक्त आपल्याला.

ता. क. ईदेला तिला सुट्टी नाही, पाणी कोणीतरी तपासायला हवं. तेव्हा होला शेजाऱ्यांकडे ठेव आणि बकपिया घेऊन विमानात बस. ईदेच्या दुसऱ्या दिवशीच्या सहलीत मी तुझी जागा धरून ठेवली आहे, खिडकीची, मनोऱ्यांच्या बाजूची. अंगात तेच कापड घाल. ती सज्ज्यात उभी असेल, मैलावरून ओळखेल. पोपटी घालू नकोस, वर जेवण पोचवायला पाठवतील.