आतला खिसा

अव्वा, दादाला मुलगी झाली, तू आजी झालीस. परवा मठातल्या स्वामींनी आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला इष्टलिंग बांधलं. गळा एवढासा म्हणून सध्या ते पाळण्याच्या दांडीला बांधून ठेवलंय, मोठी झाली की गळ्यात येईल. मला आत्या म्हणून पाटाजवळ बसवलं होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "आमची ही अर्धं जग फिरून आली, पण गळ्यातलं लिंग एक दिवस उतरलं न्हाय." बायकांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. लिंगाची चांदीची डबी होतीच तिथं, घरी येतानाच घातलेली. मी मान खाली घातली. पोरगी लाजली, असं कुणीतरी म्हणालं. लाज वाटलीच होती, पण त्यांना वाटली तसली नव्हे. हे दादाला सांगता येत नाही, वहिनीला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसलेय.

आपल्या घरात बोटीचं नाव पहिल्यांदा निघालं ते तुझ्या चुलीपाशी. तू कडक भाकरी करून विकायचीस, आणि नळदुर्गाकडचा तो बोटीवरचा खलाशी सुट्टी संपताना गठ्ठाभर भाकरी न्यायला यायचा, कारण ती महिनाभर बिघडत नाही. तू त्याला उंबऱ्यात बसवून चहा द्यायचीस आणि विचारत राहायचीस. बोटीत आंघोळीला पाणी असतंय का, हा तुझा पहिला प्रश्न. समुद्राच्याच पाण्याचं गोडं पाणी करतेत मावशी, असं तो म्हणाला, तेव्हा तुझा हात थापता थापता थांबला. "मग आपल्याकडं का करीनात?" तू विचारलंस. तो म्हणाला, आधी समुद्र आणा. तू हसलीस, आणि मग उगाच विचारावं तसं विचारलंस की बायामाणसं असतेत का तिथं. असतेत की, आमच्या बोटीवर एक मॅडम ऑफिसर हायत, आमी त्यांच्या हुकुमात चालतो, तो म्हणाला. तू माझ्याकडं बघितलंस. तव्यावरची भाकरी नेहमीपेक्षा जास्त दाबलीस. आपल्या अणदूरच्या पलीकडचं जग न बघितलेल्या माझ्या डोक्यात ती मॅडम त्या दिवशी शिरली, ती परत निघाली नाही.

पण मला आठवत राहतो तो खो-खोचा दिवस. मी सातवीत होते. खेळाच्या सरांनी गळ्यातलं सगळं काढून ठेवायला सांगितलं, कुणाला लागू नये म्हणून. मी लिंग काढून जेवणाच्या डब्यात ठेवलं आणि डबा वर्गात विसरून घरी आले. तू ताट वाढलंस, माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलंस आणि ताट मागं ओढलंस. कुठं हाय, विचारलंस. डब्यात, म्हटलं. "कारल्याच्या डब्यात?" तू म्हणालीस, आणि मला हसू येतंय हे बघून तुझा चेहरा असा झाला की हसू तिथंच गेलं. तू मला मारलं नाहीस. तूही जेवली नाहीस. लिंग नाही तर जेवण नाही, ते माझं असो की तुझं. भर उन्हात आपण दोघी शाळेत गेलो, शिपायाला शोधलं, कुलूप काढून घेतलं. मला वाटलं, आता खेळ बंद. पण येताना तू शेजारच्या मावशींच्या शिलाई मशीनवर बसलीस आणि माझ्या बंडीला आतून खिसा शिवलास, वर झाकण, झाकणाला गुंडी. लिंग त्यात बसवून दोन्ही बाजूंनी हलवून बघितलंस. मग म्हणालीस, "काढायचं न्हाय, घट्ट बसवायचं. आन कुणी विचारलं तर काय हाय ते नीट सांगायचं, त्यात लाजायचं काय? जा, खेळ आता."

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. रीतीप्रमाणं तुला शेतात बसवून माती दिली, डाव्या तळहातावर तुझं लिंग ठेवून. जन्मापासून तुझ्या अंगावर होतं, ते तुझ्याबरोबरच गेलं. पुढं मी प्रवेश परीक्षा दिली, नॉटिकल सायन्सला लागले. घरातली पहिली पदवी, तीसुद्धा अशी की तिचं नाव अप्पांना अजून धड घेता येत नाही. विहिरीत कधी न उतरलेली मी तिथं पोहायला शिकले, नकाशावर जहाजाची वाट आखायला शिकले, आकाशातल्या ताऱ्यावरून आपण कुठं आहोत ते काढायला शिकले. पोहायच्या कपड्यालासुद्धा मी आतून खिसा शिवून घेतला होता. म्हणजे मला युक्ती माहीत नव्हती असं नाही, अव्वा. हे तुला आधीच सांगायला हवं.

पहिल्या जहाजावर मी कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, आणि एकटीच मुलगी. गाव कुठलं, तिथं समुद्र नाही तर इकडं कशी आलीस, अंडंसुद्धा का खात नाहीस, रोज कुणीतरी नवा विचारायचा आणि मी हसून सांगायची. आठवड्याभरात मी सांगून सांगून दमले. मला फक्त कॅडेट व्हायचं होतं, बाकी सगळ्यांसारखी. मग एका सकाळी जहाज धक्क्याला लागायचं होतं. मी पुढच्या डेकवर चीफ ऑफिसरांच्या हाताखाली उभी. ते सरदारजी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. दोर ताणले जातात तेव्हा तिथं अंगावर लोंबतं काही नको, ते दोर ओढणाऱ्या विंचमध्ये अडकलं की माणूस ओढला जातो. त्यांनी सगळ्यांना अंगठ्या, साखळ्या काढायला लावल्या आणि माझ्या अंगातल्या कामाच्या बॉयलर सूटच्या गळ्यातून बाहेर आलेला लिंगाचा दोरा त्यांना दिसला.

त्यांनी स्वतःची बाही वर केली. हातातलं कडं त्यांनी चिकटपट्टीनं मनगटाशी पक्कं बांधून घेतलं होतं, वर हातमोजा. मला म्हणाले, "धरम का है तो बोल दे बेटा, रास्ता निकालेंगे."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. आणि मी म्हणाले, "नहीं सर, ऐसे ही है. लॉकेट है."

ते म्हणाले, मग काढ. मी काढलं, खिशात कोंबलं, नंतर केबिनच्या ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवलं. त्या दिवशी दोर नीट बांधले गेले, माझं कौतुकही झालं. जेवायला बसले तेव्हा पहिल्या घासाला तुझा हात ताट मागं ओढेल असं वाटलं. ओढलं नाही कुणी. मी जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. पुढं प्रत्येक जहाजावर ते ड्रॉवरमध्येच राहिलं, कारण एकदा लॉकेट म्हटलेली वस्तू त्यानंतर पूजेला कशी घेऊन बसणार? घरी येताना सोलापूर स्टेशनवर उतरायच्या आधी मी ते गळ्यात घालते. वहिनी म्हणते, बघा कशी जपते.

परवा पाहुणे गेल्यावर मी स्वामींना गाठलं. म्हटलं, स्वामी, दादा बोलला ते खरं नाही, मी बोटीवर लिंग काढते. ते बिचारे पान लावत होते. म्हणाले, "कामात जिवाला धोका असंल तर काढावं लागतंय बाळा. दुसऱ्या दिवशी पूजा करून घाल. एवढं मनाला लावून घेऊ नको." आणि मला विभूती दिली. एवढ्या स्वस्तात सुटले मी, कारण त्यांना अर्धंच सांगितलं होतं. काढलं हे सांगितलं. काय सांगून काढलं, ते जिभेवर आलंच नाही. विभूती कपाळाला लावून मी त्यांच्या पाया पडले, आणि वाकताना मला माझीच शिसारी आली.

आता पुढच्या महिन्यात सेकंड ऑफिसर म्हणून जातेय. जहाज धक्क्याला लागताना मागचा डेक माझ्याकडं असेल, तिथली माणसं माझ्या हुकुमात. अंगावरचं काढा, हे मला सांगायचंय, आणि त्याच्या पुढचं सरदारजींचं वाक्यही मला सांगायचंय, कारण माझ्यासारखंच कुणीतरी तिथं पहिल्यांदा उभं असेल. ते मी कोणत्या तोंडानं सांगू?

आज दुपारी मावशींकडं जाऊन बॉयलर सूटला आतून खिसा शिवला. त्यांचं मशीन तेच आहे. शिवण वाकडी गेली, पण गुंडी पक्की आहे. डबी आत बसवून तुझ्यासारखी हलवून बघितली. जागची हलत नाही. हा खिसा घेऊन शेतात तुझ्याकडं यावं आणि हे सगळं तिथं वाचावं असं मनात होतं, पण शेताकडं निघाले की दादा बरोबर येतो, आणि त्याच्यासमोर मला हे वाचता येणार नाही. म्हणून हे पान असंच राहील.

मघाशी घरात कुणी नव्हतं. बाळ पाळण्यात झोपलं होतं, दांडीला तिचं लिंग. म्हटलं, निदान हिच्यासमोर म्हणून बघू. "हे लॉकेट नाही, माझं लिंग आहे." ओठ हलले, आवाज मलासुद्धा धड ऐकू आला नाही. बाळ जागं होईल म्हणून हळू बोलले, असं मी स्वतःला सांगितलं.