रोजची एक चाल

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. प्रयोगशाळेतली यंत्रं माझं ऐकतात. खोलीला खिडकी आहे, फक्त ती उघडत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवरच्या शब्दखेळात मी जिंकले की तुम्ही काकांना सांगता, "लेकीला जिंकू देतो." कळलंय मला!

एक सांगायचं होतं. माझा करार संपला, पण पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे. मागितला की हसतात, "अगं, घाई कसली? महिनाअखेरीस बघू." ते आमचे फोन तपासतात. खेळ तेवढा पोरखेळ म्हणून सोडून देतात. म्हणून हे पत्र भारतात घरी निघालेल्या इथल्या एका नर्सबाईंच्या हाती देते आहे.

माझी पाळी आली की त्याच दिवशी मी खेळते, आजवर एकदाही चुकवलेलं नाही. तुम्ही खेळूनही ज्या दिवशी माझी चाल येणार नाही, त्या दिवशी वकीलमामांना घेऊन परराष्ट्र खात्यात अर्ज द्या. तोवर आईला काही बोलू नका.

आणि बाबा, तुम्ही एकेका शब्दाला दोन-दोन दिवस लावता. आता लावू नका. तुम्ही खेळल्याशिवाय माझी पाळी येत नाही.

तुमची,
शेंडेफळ