ती न सांगता गेली नव्हती

मखमलाबाद, नाशिक
१४ मे २०२४

चि. सहादू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू, हर्षाली दोघं नवरा-बायको बरे असाल. येवल्यातही पारा बेचाळीसवर गेला म्हणे. पैठणीच्या मागावर बसताना खिडकीला ओलं गोणपाट लाव. टीव्हीवर सांगतात, अख्खा आशिया भाजतोय, किती देशांत जुने उच्चांक मोडलेत. इथं झेंडूच्या कळ्या उमलायच्या आधीच करपतात.

आईला दवाखान्यातून घरी आणून नऊ दिवस झाले. उठून बसते, पेज घेते. चालताना तोल जातो, बोलता बोलता शब्द हरवतो. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताचं एवढं राहीलच. दिवसातून चार वेळा तिचं अंग पुसते. थकले रे. पण पत्र त्यासाठी नाही.

परवा फोनवर तू तिला रागावलास. "या वयात भर दुपारी शेतात जातं का कुणी? तेही न सांगता?" फोन मीच तिच्या कानाला धरला होता. ती म्हणाली, "चुकलं बाबा माझं."

सहादू, ती न सांगता गेली नव्हती. मी पाठवलं.

त्या दिवशी लग्नाच्या हारांची ऑर्डर होती. उन्हामुळं बायका तोडणीला आल्या नाहीत. मी शेडमध्ये हार ओवत होते, फुलं कमी पडली. "जरा तोडून आण," म्हटलं. थोड्या वेळानं ती बांधावरून म्हणाली, "सुवर्णा, डोळ्यापुढं अंधारी येतीय गं." मी मानही वर केली नाही. "तेवढी एक सरी उरक, मग ये."

अर्ध्या तासानं बघते तर सरीतच पडलेली. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही.

दवाखान्यात विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "न सांगता गेली." मग तेच सगळ्यांना सांगत राहिले. वाटलं, तिला काही आठवत नसेल. काल पाणी पाजताना विचारलं. म्हणाली, "आठवतंय की. पण त्याला नको सांगू. आधीच तुमचं बोलणं कमी."

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. दोन वर्षांपूर्वी तू तिला न्यायला आलास, तेव्हा चार माणसांत मी म्हणाले होते, "तुझ्याकडं हिला कोण बघणार?" ते वाक्य आता मलाच ऐकू येतं.

ये. न्यायचं असेल तर ने, मी आडवी येणार नाही. नाही नेलंस तरी ये. मला हवं ते बोल. तिला मात्र पुन्हा रागावू नकोस.

तुझी ताई म्हणून सही करायला आज हात धजत नाही,
सुवर्णा