लाव्याच्या चवीचा तर्जुमा

पाली, मार्गशीर्ष वद्य तृतीया

तीर्थस्वरूप बसप्पाअण्णांस, मेव्हणा शंकरप्पा याचे शरणु शरणार्थी. धारूरकडे हरभरा कसा आहे, वहिनींचा खोकला बसला का, ते कळवावे. इकडे दुकान ठीक आहे. मीच ठीक नाही.

त्याचे असे झाले. हैदराबादहून आलेल्या नव्या साहेबांना पाखरांचा लई नाद. त्यांचा हुकूम सुटला, की सोमवारी सकाळी गावाने बिंदुसरेच्या काठाने फिरावे आणि आपल्या नदीची पाखरे ओळखावीत. पाखरे दाखवायला धुळाजी शिकारी (गावात त्यातले दुसऱ्या कुणाला कळते?), आणि साहेबांना मराठी येत नाही म्हणून तर्जुम्याला मी. मोमिनाबादच्या बाजारात मी फर्डे उर्दू बोलतो, असे मीच त्यांना सांगून बसलो होतो.

तीस-चाळीस माणसे निघाली, त्यांत निम्मे आपलेच लिंगायत, बायाही. अडचण पहिल्याच बगळ्याला आली. धुळाजीला पाखरू ठाऊक ते ताटातले. म्हणाला, "ह्यो वासाचा हाय, आप्पा. लई मसाला लागतो." मी साहेबांना सांगितले, ह्याचा स्वभाव तिखट आहे. टिटवी दिसली तर म्हणतो, "हिच्यात नुसती हाडंच हायेत." मी सांगितले, बिचारी अशक्त आहे. साहेब "बहुत खूब" म्हणत वहीत उतरवत होते, आणि (खोटे कशाला बोलू?) मलाही माझे कौतुक वाटू लागले होते.

इतक्यात गवतात लावा ओरडला. साहेबांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केले. धुळाजीने डोळे मिटले. "आप्पा, ह्याच्यावाणी दुसरं न्हाई," एवढेच म्हणून थांबला. आता एवढ्याशाचा तर्जुमा काय करावा? मी विचारले, "कावून? कसा लागतो?"

अण्णा, त्या शांततेत माझा सवाल पलीकडच्या काठापर्यंत गेला. लिंगायताच्या तोंडी मांसाची चव! शेजारच्या शिवम्मामावशींनी पदराने कान झाकले. दुपारपर्यंत गावाच्या लेखी मी एक लावा खाल्ला होता, संध्याकाळपर्यंत दोन, तेही लसूण लावून. घरी आलो तर दाराला कडी. दानम्मा माहेरी धारूरला गेली म्हणे. तेव्हापासून तीन दिवस मी स्वतः थापलेली भाकरी खातो आहे. तिला धुळाजीही तोंड लावणार नाही.

ता. क. तरी आपल्या बहिणीची समजूत घालून तिला लवकर माघारी धाडावे. मी फक्त विचारले, खाल्ले नाही, लिंगाची शपथ.

दुसरा ता. क. आत्ताच गाडी दारात थांबली. दानम्मा रुसून नव्हे, तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली होती, आणि तसे मला दोनदा सांगूनही गेली होती. लाव्याचे तिला काहीच ठाऊक नव्हते.

तिसरा ता. क. पत्र मोठ्याने म्हणत लिहायची माझी खोड तुम्ही जाणताच. ती उंबऱ्यात उभी राहून सगळे ऐकत होती. वरची विनंती रद्द समजावी, आणि मलाच चार दिवस तुमच्याकडे ठेवून घ्यावे.